मदत हवी आहे: रीस्टार्टनंतर मायएसक्यूएलच्या एक्स प्लगिनच्या ३३०६० पोर्टवर लॉगिन होत नाही

नमस्कार मंडळी, डेटाबेस सर्व्हर मायएसक्यूएल ८.० आहे, अ‍ॅप दुसऱ्या मशीनवर. नेहमीचा ३३०६ पोर्ट सुरळीत चालतो. एक्स प्लगिनचा बाइंड अ‍ॅड्रेस (ज्या आयपीवर तो जोडणी स्वीकारतो) वेगळा असतो हे उशिरा कळलं, तो १२७.०.०.१ (म्हणजे फक्त तेच मशीन) वरून सर्व्हरच्या आयपीवर आणला, फायरवॉल उघडला, कनेक्शन लागलं.

आता खरी अडचण. सर्व्हर रीस्टार्ट केला की अ‍ॅपचं लॉगिन नाकारलं जातं, पासवर्ड तोच असूनही. मी शेलमधून टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) लावून त्याच युजरने एकदा आत गेलो की अ‍ॅपही लगेच जोडलं जातं! अ‍ॅपमध्ये टीएलएस बंद आहे, युजर कॅशिंग शा-२ (पासवर्ड तपासण्याची पद्धत) चा. म्हणजे रीस्टार्टमध्ये पासवर्डची कॅश (मेमरीतली तात्पुरती नोंद) पुसली जाते, असंच ना? टीएलएस सक्तीचं करणं हाच पक्का उपाय, की प्लगिनच्या सेटिंगमध्ये आणखी काही बदलावं लागतं? रात्री रीस्टार्ट झाला तर सकाळपर्यंत सगळं ठप्प असतं, कृपया सांगा.