प्रति: तिकीट नाही म्हणून युद्धकैद्याचं पत्र बनावट?

वर विचारलंय की १९४३ च्या जर्मन छावणीतल्या कार्डावर तिकीट नाही, मग ते खरं कसं? तिकीट नसणंच बरोबर. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्यांचं टपाल निःशुल्क होतं. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी पहिलं कार्ड पाठवू देण्याचं कलमही त्यात आहे.

आधी 'क्रीग्सगेफांगेननपोस्ट' म्हणजे 'युद्धकैद्यांचं टपाल' हे छापील शीर्षक पाहा, मग 'गेप्रुफ्ट' म्हणजे 'तपासलं' हा शिक्का. पाठवणाऱ्याच्या रकान्यातला कैदी क्रमांक छावणीने दिलेला असतो, पलटणीचा नव्हे. इथे फार जण चुकतात आणि सैन्याच्या नोंदींत माणूस सापडत नाही. छावणीचं नावही जपून घ्या: शिपायांना कामाच्या तुकड्यांत बऱ्याच लांब ठेवत, पण पत्ता मुख्य छावणीचाच राही.

मजकूर कोरडा वाटतो, पण कार्डावर मोजक्याच ओळी आणि वाचणारे सेन्सॉर दोन्हीकडचे. जपानच्या ताब्यातल्यांचं त्याहून वाईट. 'माझी तब्येत उत्तम/साधारण/वाईट' अशी छापील वाक्यं, आणि पुढे घरच्यांनाही २५ शब्दांची मर्यादा. अशा कार्डावर खाली स्वतःच्या हाताची सही असेल, तर घरच्यांसाठी तीच खरी बातमी होती. कृपा करून ते लॅमिनेट करू नका.