स्वतःच्या ओरिजनल डिस्कवरून गेम कॉम्प्युटरवर काढून खेळला तर ती चोरी होते का?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आमचा पीएस२ (सोनीचा प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) निघाला, बाबांनी २००९ ला घेतलेला, आणि सोबत बुटांच्या खोक्यात अकरा ओरिजनल डिस्क. ओरिजनल मुद्दाम सांगतोय कारण तेव्हा इंदूरमध्ये ओळखीतले सगळे कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून मशीनमध्ये चिप बसवून घ्यायचे आणि कॉपी डिस्क पन्नास पन्नास रुपयांना मिळायच्या, पण बाबा बँकेत होते आणि त्यांचा हट्ट असा की वर्षात दोनच गेम घेऊ पण बिलाचे घेऊ. बिलंसुद्धा खोक्यातच आहेत, शाई उडालीये. त्यात एक 'देसी अड्डा' आहे, कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असे आपले खेळ, रविवारी दुपारी बाबा आणि मी तोच खेळायचो. बाबा जाऊन तीन वर्षं झाली.

मशीन चालू होतं पण डिस्क वाचत नाही, आतून टकटक आवाज येतो आणि लाल स्क्रीन. जेल रोडला एकाला दाखवलं तर तो म्हणाला लेन्स गेली, सोडून दे, हा पेनड्राइव्ह घे, हजार गेम आहेत, सातशे दे. मी नाही घेतला. आता असं ऐकलंय की आपलीच डिस्क कॉम्प्युटरवर कॉपी करून एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरला त्या मशीनसारखं वागायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळता येतं, तर हे कायद्यात बसतं का? आणि डिस्क खराब निघाली तर तोच गेम नेटवरून उतरवला तर? पैसे तर आपण भरलेलेच आहेत ना. ताईचा मुलगा नाताळात येणार आहे, त्याला आजोबांचा गेम दाखवायचाय, आणि तो चोरीच्या फाईलवर दाखवायला मन घेत नाही.

छावणी_९०
भिया इतका विचार नका करू. कंपनी तो गेम आज विकतच नाही, तुम्ही एक रुपया बुडवत नाही कुणाचा. सरळ डाउनलोड करा आणि पोराबरोबर खेळा.

रामबागची_वकील
मी इथल्या खंडपीठात प्रॅक्टिस करते, कॉपीराइट माझा रोजचा विषय नाही, पण कायदा काढून वाचलाय आणि मग लिहितेय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल स्पष्ट लिहिलंय की ज्याच्याकडे कायदेशीर कॉपी आहे त्याला ती हरवू नये, बिघडू नये म्हणून बॅकअप काढता येतो, आणि पुढे असंही आहे की स्वतः कायदेशीर मिळवलेल्या कॉपीवरून, धंदा न करता, स्वतःच्या वापरासाठी कॉपी काढली तर ते उल्लंघन नाही. गेममधलं संगीत, चित्रं वगैरेंना खासगी वापराची सूट त्याच कलमाच्या सुरुवातीला आहे. म्हणजे दादा, डिस्क तुमची, ड्राइव्ह तुमचा, घर तुमचं, इथपर्यंत मला काही अडचण दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ही सूट त्या डिस्कला चिकटलेली आहे. उद्या डिस्क विकलीत तर फाईलही पुसून टाका.

डाउनलोडचं मात्र तसं नाही. ती फाईल तुमच्या डिस्कवरून निघालेली नाही, कुणीतरी परवानगीशिवाय वाटलेली आहे, आणि तुम्ही पैसे भरले ते त्या एका डिस्कचे. असा प्रोग्राम माहीत असून वापरला तर कलम ६३ बी लागतं. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट तुरुंगवास न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. आणि पेनड्राइव्हवाल्यावर कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं. तुम्ही त्याला पैसे दिले नाहीत ते फार बरं केलंत, त्याने तर त्या गेममध्ये काडीचंही काम केलेलं नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने ६५ ए पण आलंय, हक्क डावलायच्या हेतूने कंपनीचं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पीएस२ च्या डिस्कला असं कुलूप असतं का ते इथले जाणकार सांगतील.

सोल्डरिंगवाला
वकीलताई, पीएस२ च्या डिस्कमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, नसतो. कॉपी डिस्क ओळखायची खूण वेगळी असते आणि ती कन्सोल तपासतो, कॉम्प्युटरचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क सरळ वाचतो. नवीन कन्सोलचं तसं नाही, निन्टेन्डो स्विचचे गेम एन्क्रिप्टेड असतात, ते उघडायच्या डिजिटल किल्ल्या काढाव्या लागतात, त्यावरूनच निन्टेन्डोने युझू एम्युलेटरवाल्यांवर अमेरिकेत केस केली आणि २०२४ च्या मार्चमध्ये २४ लाख डॉलर कबूल करून त्यांनी दुकान बंद केलं. लोक त्यावरून म्हणतात एम्युलेटरच बेकायदेशीर आहे, ते चूक. २००० साली तिथल्याच अपील कोर्टात सोनी विरुद्ध कनेक्टिक्समध्ये सोनी हरली होती, प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवायला कनेक्टिक्स कंपनीने त्यांचा बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) उलगडून अभ्यासला ते कोर्टाने फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, धरलं.

आता कामाचं. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून आरपार बघा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर डेटाचा चमकता थर गेलाय, त्याला इलाज नाही. नुसते खालचे ओरखडे असतील तर ओल्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल अजिबात नाही. टूथपेस्टचे व्हिडिओ बघू नका, हात जोडून सांगतो, माझ्याकडे अशा वाया गेलेल्या डिस्क येतात. मग कमी स्पीडला आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाईल, काढा. निळ्या पोटाची असेल ती सीडी, तिची आयएसओऐवजी बिन आणि क्यू अशा दोन फाईल काढायच्या. काढल्यावर फाईलचा हॅश (फाईलवरून निघणारा ओळख-आकडा) रीडंप या साइटवरच्या ओरिजनल डिस्कच्या यादीशी ताडून बघा, जुळला म्हणजे एक बिटही इकडचा तिकडे झाला नाही.

बायोस विसरू नका. पीएस२ चा एम्युलेटर पीसीएसएक्स२ फुकट आहे पण बायोस सोबत देत नाही, तो सोनीचा आहे, नेटवरून उचलला तर पुन्हा तोच प्रश्न. तुमच्याच मशीनमधून काढा, त्याला लेन्स लागत नाही, मेमरी कार्ड आणि यूएसबीवर काम होतं. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर बघा, मेमरी कार्डवरून असे प्रोग्राम चालवायला फ्री एमसीबूट वापरतात, पण ९०००० सिरीजचे बरेच पीस ते घेत नाहीत, त्यांना ओपनट्यूना लागतं.

पुण्यात_इंदूरकर
मी गेम आर्टिस्ट आहे, म्हणून छावणीभाऊंना उत्तर द्यावंसं वाटलं. विकत मिळत नाही म्हणून तो गेम सगळ्यांचा झाला असं होत नाही, आपल्याकडे कॉपीराइट साठ वर्षांच्या हिशोबाने चालतो. पण राग माझा कंपन्यांवर पण आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं होतं, २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. आणि आपले? 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' दोन्ही २००९ चे, दोन्ही हैदराबादच्या टीमनी बनवलेले. कुणीतरी बसून विटीदांडूची ती ॲनिमेशन फ्रेम फ्रेम करून केली असेल, आणि आज ते काम माळ्यांवरच्या खोक्यांत पडलंय. म्हणून म्हणतो, आपल्या डिस्कची कॉपी काढणं हे पाप तर नाहीच, मी म्हणेन काढाच, आणि लवकर काढा. फक्त ती फाईल वाटू नका.

सुदामानगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सेकंडहँड ड्राइव्ह ४५० ला मिळाला, दोन रात्री बसलो, दहा डिस्क निघाल्या आणि दहाही हॅश जुळले. बायोसही आपल्याच मशीनचा काढला, ओपनट्यूनाच लागलं. नेमकी 'देसी अड्डा' ९१ टक्क्यांवर अडते, तीन वेळा बघितलं. ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेला तीन ठिपके. डाउनलोडचं बटण समोर होतं, खोटं नाही बोलत, पण बंद केलं. कुणाकडे ओरिजनल डिस्क असेल तर मी विकत घ्यायला तयार आहे, उज्जैन, देवास कुठेही येईन.

मल्हारगंज_काकू
माझ्या मुलाची आहे, तो आता बंगळूरला असतो, विचारलं तर म्हणाला देऊन टाक. डबा फुटलाय, डिस्कवर ओरखडा नाही. पैसे किती ते तुम्हीच बघा. रविवारी दहानंतर या, पण येण्याआधी मेसेज करा.