मदत हवी आहे: एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) वाढला आहे, आणि फेरतपासणी नेमकी ऊसतोडीला निघण्याच्या वेळी येत आहे

नमस्कार. माझ्या चुलत बहिणीच्या संमतीने आणि तिला वाचून दाखवून हा धागा काढत आहे. गाव, एआरटी केंद्र (एचआयव्हीवरील औषधोपचार देणारे केंद्र) आणि नावे मुद्दाम दिलेली नाहीत. कृपया कोणी विचारू नये.

बहीण आणि तिचे यजमान बीड जिल्ह्यातले. दिवाळी झाली की टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) की परत यायचे, असे त्यांचे वर्ष आहे. दोघेही एचआयव्हीसह जगत आहेत. बहिणीचे उपचार २०१६ पासून सरकारी एआरटी केंद्रात सुरू आहेत. आधी एफाविरेंझ असलेली गोळी होती, २०२१ मध्ये ती बदलून टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी सुरू झाली. गेल्या वर्षीच्या अहवालात विषाणू आढळला नव्हता. या वर्षी जुलैअखेर आलेल्या अहवालात मात्र व्हायरल लोड ४,८०० (एक मिलिलिटर रक्तामागे) आहे. यजमानांचा अहवाल चांगला आहे. बहिणीची क्षयाची तपासणीही झाली असून क्षय नाही.

डॉक्टरांनी औषध बदललेले नाही. तीन महिने दरमहा समुपदेशन आणि त्यानंतर फेरतपासणी, असे सांगितले आहे. घरी यावरून बरीच चिंता आहे. यजमानांचे म्हणणे असे की गोळी लागू पडत नसेल तर लगेच दुसरी द्यावी. मी जेवढे वाचले त्यावरून मला डॉक्टरांचे पटते. एक हजाराच्या वरचा एकच अहवाल आला म्हणून उपचार निष्फळ ठरला असे धरत नाहीत. गोळ्या नियमित घेतल्यावरही दुसरा अहवाल तसाच आला, तरच औषध बदलण्याचा विचार होतो. डोल्युटेग्राव्हिरला विषाणू सहसा लवकर दाद देईनासा होत नाही. बहुतेक वेळा कारण गोळ्या चुकण्यात किंवा शोषल्या न जाण्यात असते. शिवाय दुसऱ्या फळीची (पहिली लागू पडेनाशी झाल्यावर द्यायची) औषधे रिटोनाव्हिर या आणखी एका औषधाच्या जोडीने घ्यावी लागतात, गोळ्या वाढतात आणि त्यापुढचे पर्याय आणखी कमी उरतात. हाती असलेली चांगली गोळी घाईने सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही नातेवाईक ‘सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चारशेच्या वर आहे, मग काळजी कशाला’ असे म्हणतात, तेही मला मान्य नाही, कारण विषाणू आधी वाढतो आणि सीडी४ नंतर घसरतो.

समुपदेशक ताईंनी शांतपणे विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. फडावर पहाटे चारला निघायचे असते, आणि कोपीत (टोळीच्या झोपडीत) शेजारच्या बायकांसमोर डबी काढायला नको म्हणून काही गोळ्या राहून गेल्या. दुसरी गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. जानेवारीत एका आरोग्य शिबिरात रक्त कमी आहे म्हणून तिला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. सगळी औषधे एकदमच उरकावीत म्हणून ती या तिन्ही गोळ्या पहाटे उपाशीपोटी एका घोटात घेत होती. लोह आणि कॅल्शियममुळे डोल्युटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर सगळ्या गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात, हे तिला शिबिरात कोणी सांगितले नाही, कारण एआरटी चालू असल्याचे तिनेही तिथे सांगितले नव्हते. आता ती एआरटीची गोळी रात्री जेवणानंतर घेते आणि बाकीच्या दोन सकाळी.

खरी अडचण यापुढे आहे. फेरतपासणीचा नमुना ऑक्टोबरच्या अखेरीस घेतला जाईल. तो दुसरीकडच्या प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे अहवाल हाती येईपर्यंत टोळी निघालेली असेल. उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेतलेली आहे आणि कोयता (तोडणीची जोडी) दोघांचा मिळून धरला जातो, म्हणून तिने एकटीने मागे राहणे शक्य नाही. गेल्या हंगामात प्रकृती स्थिर म्हणून तिला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. व्हायरल लोड वाढल्यामुळे आता दर महिन्यालाच मिळतात. म्हणजे ज्या काळात तिला केंद्रात येणे सर्वांत कठीण, त्याच काळात दरमहा येणे आवश्यक झाले आहे. नियमामागचे कारण मला समजते, पण ऊसतोड कामगारांच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होण्याची भीती वाटते.

म्हणून ज्यांनी एआरटी केंद्रात काम केले आहे, किंवा स्थलांतराच्या काळात स्वतः उपचार घेतले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: हंगामापुरते नाव कोल्हापूर किंवा सांगलीकडील केंद्रात रीतसर वर्ग करून घेणे बरे, की मूळ केंद्रात नाव ठेवून तिकडे तात्पुरती औषधे घेणे बरे? नाव वर्ग केले तर फेरतपासणीचा अहवाल नव्या केंद्राला आपोआप दिसतो, की आम्ही प्रत घेऊन जावी? तो अहवालही एक हजाराच्या वर आला, तर दुसऱ्या फळीसाठीची शिफारस नव्या केंद्रातून होऊ शकते, की तिला बीडला परत यावे लागेल? आणि नमुना थोडा आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेण्याची विनंती केली तर केंद्र ती मान्य करते का, की तीन महिने पूर्ण होण्याआधीच्या अहवालावर निर्णय घेणे चुकीचे ठरेल?

आणखी एक विनंती. महिन्यातून एक दिवस सुट्टी मागायची तर मुकादमाला कारण सांगावे लागते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिच्या संमतीशिवाय तिची माहिती उघड करता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, पण फडावर कायदा दाखवून काम होत नाही. आजाराचे नाव न लिहिता केवळ ‘नियमित तपासणीसाठी येणे आवश्यक’ असे पत्र केंद्राकडून कोणी मिळवले असेल, तर ते कोणाकडे मागावे आणि त्यात काय लिहून घ्यावे, ते अवश्य कळवावे. सार्वजनिक उत्तर देणे अवघड वाटत असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.