वडिलांची स्कूटर आईच्या नावावर करायची आहे, एजंटाने सांगितलेल्या रकमेत सरकारी फी किती?

बाबांना जाऊन दोन महिने होत आले. त्यांची स्कूटर आता आई चालवते, म्हणून आरसी बुकावर तिचं नाव लावून घ्यायचं आहे. आरटीओ आमच्या तालुक्यापासून लांब, म्हणून गावातल्या एजंटाकडे चौकशी केली. "सगळं धरून साडेचार हजार," म्हणाला. सगळं म्हणजे काय, तर फी, कार्ड, टपाल, प्रतिज्ञापत्र आणि "खिडकीवर द्यावे लागतात ते". पावती मात्र फक्त सरकारी फीची मिळेल.

मी केंद्रीय मोटार वाहन नियम 81 चा तक्ता काढून पाहिला. दुचाकीच्या नोंदणीची फी 300 रुपये आणि नाव बदलायला तिच्या निम्मी, म्हणजे 150. स्मार्ट कार्डाचे 200. गाडी 2019 च्या आधीची असल्यामुळे नवी नंबरप्लेट लागते, तिचे जीएसटीसह 531 रुपये आम्ही आधीच भरलेत.

मग बाकीचे पैसे कशाचे? एजंट खेटे घालतो, कागद तयार करतो, त्याची मजुरी द्यायला माझी ना नाही. पण ती त्याने मजुरी म्हणून सांगावी, आईसमोर सरकारी फी म्हणून नको. आणि खिडकीवरच्या कारकुनाला पावतीवर नसलेला एक रुपया तरी मागता येतो का? कुणी अलीकडे वारसाचं काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1:
नाही, पावतीबाहेर काहीही मागता येत नाही. फी 'परिवाहन' संकेतस्थळावर भरा, पावतीत प्रत्येक बाबीचा आकडा वेगळा येतो. कुणी वरचे पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. वारसासाठी फॉर्म 31 लागतो, विक्रीचे 29 आणि 30 नाही. एजंटाने कुठला भरून घेतलाय ते आधी बघा. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा, तेव्हा आता थांबू नका.

प्रतिसाद 2:
मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडा. गाडीवर ई-चलन थकलेलं असेल तर आधी भरून टाका, काम तिथेच अडतं. पुढची गाडी घ्याल तेव्हा आरसीवर नॉमिनी लावा, 2021 पासून ती सोय आहे. घरच्यांची बरीच धावपळ वाचते.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. एजंटाने 29 आणि 30 वरच आईच्या सह्या घेतल्या होत्या, ते कागद आजच परत मागतो. बाबा गेल्याचं महिन्याच्या आत आरटीओला लेखी कळवलं होतं, त्याची पोच जवळ आहे. आता एकच अडचण उरली. बहीण नागपूरला असते आणि तिला इतक्यात येणं जमणार नाही. तिने तिथल्याच नोटरीपुढे संमतीचं प्रतिज्ञापत्र करून टपालाने पाठवलं तर आमच्या आरटीओत चालेल का?