बाटलीत हिरवंगार दिसणारं केळीचं रोप ट्रेत गेल्यावर मान का टाकतं?

केळीवाली_रावेर

नमस्कार मंडळी. आमची छोटी टिश्यू कल्चर लॅब आहे, म्हणजे कोंबाच्या तुकड्यापासून बंद बाटलीत रोपं वाढवतो. ग्रँड नैन जातीची केळी करतो. ग्रोथ रूम (दिव्यांखाली बाटल्या ठेवायची खोली) आणि प्रायमरी हार्डनिंग (बाटलीतलं रोप ट्रेत लावून बाहेरच्या हवेला सरावणं) दोन्ही माझ्याकडे, आठ वर्षं झाली.

रूटिंगच्या, म्हणजे मुळं फुटायच्या टप्प्यातल्या, बाटल्या बघाल तर दृष्ट लागावी अशा. पानं हिरवीगार, मुळं पांढरीशुभ्र. पण रोप काढलं, मुळांचा अगार (ज्या जेलीत रोप वाढतं ती) धुतला आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेत लावलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माना टाकायला लागतात. यंदा एप्रिलमध्ये ५० च्या ट्रेमधली १५-१६ गेली. पाण्याच्या तुषारांचं मिस्ट आहे, प्लास्टिकचं टनेल आहे, शेडनेट दुहेरी आहे. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच, पण सगळं खापर उन्हावर फोडावंसं वाटत नाही.

आधी वाटलं, ग्रोथ रूममध्ये उजेड कमी पडतोय. एका रॅकवर एलईडी दुप्पट केले, रोपात काडीचा फरक नाही. मग बाटलीतल्या पानावर आयोडीनची चाचणी केली, शाळेत करायचो तशी. पान काळंनिळं झालं. म्हणजे स्टार्च आहे, प्रकाशसंश्लेषण चालू आहे. मग बाहेर येताच रोप उपाशी असल्यासारखं का जातं? एकेका रोपामागे पाच-सहा सब-कल्चरची (कोंब वेगळे करून नव्या बाटलीत लावायची) मेहनत असते हो. ट्रे उचलून खड्ड्यात टाकताना जीव तुटतो.

जुना_लॅबवाला_पुणे

ताई, स्टार्च दिसला म्हणजे तो उजेडावरच तयार झाला, असं धरू नका. तुमच्या मीडियात, म्हणजे बाटलीतल्या पोषक मिश्रणात, लिटरला ३० ग्रॅम साखर असणार. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी जे मिश्रण बसवलं, त्यात ती होती आणि आपण सगळ्यांनी ती तशीच उचलली. ही साखर मुळा-खोडातून वर चढते आणि पानात स्टार्च होऊन बसते. हाबरलांट यांनी १९०२ मध्ये पानाच्या हिरव्या पेशी साखरेच्या द्रावणात ठेवल्या, तेव्हा त्याही जगल्या, फुगल्या, त्यांच्यात स्टार्च साठला. विभाजन मात्र एकीचंही झालं नाही. माझी २७ वर्षं या कामात गेली, आणि हिरव्या रंगाला मीही बराच काळ भुललो.

आता उजेडाचं. केळीला कार्बन हवेतून घ्यायचा असतो आणि तुमची बाटली घट्ट बंद. रात्रभर रोप श्वसन करतं, त्यामुळे पहाटे आत कार्बन डायऑक्साइड हजारो पीपीएमवर (दहा लाख भागांत इतके भाग) गेलेला असतो. दिवे लागले की पानं तो भराभर ओढतात. तास-दोन तासांत तो १०० पीपीएमच्या खाली येतो, आणि बाहेरच्या हवेत तर ४२० च्या वर आहे. तिथून संध्याकाळपर्यंत दिवे जळतात आणि पान रिकाम्या ताटासमोर बसून असतं. एलईडी दुप्पट करून ताटात काय पडणार?

साखर आयती मिळत राहिली की पान हवेतला कार्बन पकडणारं एन्झाइम, रुबिस्को, तेही कमीच बनवतं. शिवाय आतली हवा जवळजवळ पूर्ण दमट. पानावर मेणाचा थर पातळ राहतो, रंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटायची सवयच लागत नाही. अशा रोपाची साखर एका दिवसात तोडायची आणि वर कोरडी हवा द्यायची, म्हणजे त्याने जगायचं कसं?

जपानात चिबा विद्यापीठातल्या तोयोकी कोझाई यांनी हेच मोजून दाखवलं आणि साखर न घालता, हवा आणि उजेड वाढवून रोपं वाढवायची पद्धत बसवली.

माझं ऐकून काही बदलू नका, आधी डोळ्यांनी बघा. शाळेत वापरतात तो बायकार्बोनेट इंडिकेटर आणा. फिश टँकच्या पंपाने त्यात बाहेरची हवा सोडली की तो लाल होतो. छोट्या कुपीत घेऊन एका बाटलीत दोऱ्याने टांगा आणि झाकण लावा. ती एक बाटली वाया जाईल, जाऊ द्या. पिवळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त, जांभळा म्हणजे कमी.

शेतीवाला_सांगली

काकांचं बरोबर आहे, पण ताई, एक सांभाळा. मी उत्साहाच्या भरात मल्टिप्लिकेशनच्या (एकाचे अनेक कोंब करायच्या टप्प्याच्या) बाटल्यांतूनच साखर काढली होती. कोंब जागच्या जागी थांबले. त्या टप्प्यावर धड पानच नसतं, ते खाणार काय? जो काही प्रयोग कराल तो रूटिंगलाच करा, दोन-तीन पानं आल्यावर.

केळीवाली_रावेर

काका, केलं. कुपी रात्री टांगली. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेले तर पिवळीधम्मक! सहाला दिवे लागले. आठला नारिंगी-लाल, दहाला जांभळी, आणि रात्री दिवे जाईपर्यंत जांभळीच. शेजारच्या रिकाम्या बाटलीतली कुपी दिवसभर लालच. रॅकसमोर उभी राहून मी सगळ्या बाटल्यांकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी यांना रोज सोळा तास दिवे लावून देत होते.

आता काय करू? साखर एकदम बंद?

जुना_लॅबवाला_पुणे

एकदम नको. साठलेला स्टार्च ट्रेतले पहिले काही दिवस कामी येतो. रूटिंगला ३० वरून १५ ग्रॅमवर या. झाकणाला ६-७ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यावर सर्जिकल पेपर टेपचे दोन थर, मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणं). फिल्टरची तयार झाकणं मिळतात, पण आधी टेपवर बघा. तुमचा दुप्पट एलईडीचा रॅक आता कामाला येईल. हवा, उजेड आणि साखर तिन्ही एकत्र हलवा. नुसती साखर कमी केलीत तर रोप बारीक राहील.

केळीवाली_रावेर

सव्वा महिन्याने लिहितेय. भोकाच्या झाकणाच्या ४० बाटल्या केल्या, तीन कंटॅमिनेट झाल्या (बुरशी-जिवाणू शिरून खराब). रोपं उंचीला थोडी कमी, पण पान हाताला जाड लागतं. ट्रेत लावायच्या दिवशी दोन्हीकडचं एकेक पान तोडून टेबलावर ठेवलं, पंखा बंद. जुन्या बाटलीतलं दहा मिनिटांत कडेने वळलं, वीस मिनिटांत ओल्या कागदासारखं लोळागोळा झालं. नव्यातलं अर्ध्या तासानंतरही उभं धरता येत होतं. ट्रेत आज बारावा दिवस. नव्या ५० पैकी चार गेली, जुन्या ५० पैकी तेरा.

एक अडचण आहे. भोकाच्या बाटल्यांत चौथ्या आठवड्यात अगार आकसून काचेपासून सुटतोय. मीडिया थोडा जास्त ओतू का, की टेपचा तिसरा थर लावू?

जुना_लॅबवाला_पुणे

मीडिया जास्त ओता. थर वाढवलात तर हवा पुन्हा अडेल.