ठिणग्यांना आग समजणारे छोटे मॉडेल : फाउंड्रीतील कॅमेऱ्यांसाठी सल्ला हवा आहे

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ८ कॅमेरे आहेत. चित्रण कारखान्याबाहेर पाठवायचे नसल्यामुळे सुमारे २०० कोटी पॅरामीटरचे (म्हणजे तुलनेने छोटे) दृश्य-भाषा मॉडेल, म्हणजे चित्र पाहून प्रश्नांची उत्तरे देणारे एआय, ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर चालवून, प्रत्येक फ्रेम (चित्रणातील एक स्थिर चित्र) दाखवत 'येथे काही असामान्य आहे का?' असे आम्ही विचारतो. पोरिंगच्या (वितळलेला धातू साच्यांत ओतण्याच्या) वेळी उडणाऱ्या ठिणग्यांना ते आग म्हणते, मात्र क्रेनवर लॅडल (वितळलेल्या धातूचे भांडे) टांगलेले असताना त्याखाली माणूस उभा राहिला तर त्यात त्याला काही वावगे दिसत नाही. मोठे मॉडेल घ्यावे का?

उत्तर १ : तूर्त घेऊ नका. असामान्य काय, हे त्या त्या जागेवर ठरते आणि तुमच्या शेडचा नित्यक्रम मॉडेलला कोणी सांगितलेलाच नाही. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर रोज काय चालते याचे तीन-चार वाक्यांचे वर्णन मॉडेलला दिल्या जाणाऱ्या सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) द्या आणि 'टांगलेल्या लॅडलखाली माणूस आहे का?', 'साच्यांच्या रांगेबाहेर ज्वाळा आहेत का?' असे नेमके प्रश्न विचारा. एकाच फ्रेमवरून हालचाल कळत नाही, म्हणून काही सेकंदांतील चार-पाच फ्रेम क्रमाने द्या. उत्तराचा मजकूर वाचण्यापेक्षा 'हो' आणि 'नाही' या टोकनांच्या (मॉडेल ज्या शब्द-तुकड्यांत उत्तर देते त्यांच्या) संभाव्यता घेतल्या, तर किती संभाव्यतेला इशारा द्यायचा ही मर्यादा तुम्हाला स्वतःच्या चित्रणावरून ठरवता येईल.

उत्तर २ : वरील सल्ला योग्य आहे, पण खरी अडचण खोट्या इशाऱ्यांची आहे. दहा सेकंदांचा एक तुकडा धरला तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ८,६४० आणि आठांचे ६९,१२० तुकडे होतात. त्यांतील केवळ १ टक्का चुकला तरी रोज सुमारे ६९० वेळा घंटा वाजेल आणि आठवड्याभरात पहारेकरी ती बंद करून ठेवेल. २०१८ च्या यूसीएफ-क्राइम या मॉडेलांच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या संचातील १,९०० व्हिडिओंवर मिळालेले गुण पाहून मॉडेल निवडू नका, कारण त्यातील चोरी, मारामारी, जाळपोळ यांसारख्या १३ प्रकारांत तुमच्या कामाचा धोका बसत नाही. आधी चित्रात माणूस आहे का एवढेच ओळखणारे हलके मॉडेल (डिटेक्टर) लावा आणि क्रेनच्या पट्ट्यात माणूस आला तरच तो तुकडा वरील नेमक्या प्रश्नासाठी दृश्य-भाषा मॉडेलकडे पुढे पाठवा. केवळ हालचाल टिपणारी चाळणी येथे निरुपयोगी ठरेल, कारण ठिणग्याही हालतातच. आगीची तपासणी मात्र वेगळी, ठराविक अंतराने चालू ठेवा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सूचना मराठीत लिहिल्या तर चालतील का?

उत्तर १ : इतक्या छोट्या मॉडेलचे प्रशिक्षण मुख्यतः इंग्रजीत झालेले असते, त्यामुळे प्रश्न इंग्रजीत ठेवा आणि पहारेकऱ्याला दिसणारा इशारा मराठीत लिहा. कॅमेरा कशासाठी पाहतो आहे, हे कामगारांनाही आधीच सांगा. सुरक्षेसाठी बसवलेली यंत्रणा त्यांच्या विश्रांतीची मिनिटे मोजण्यासाठी कधीही वापरली जाऊ नये.