कातळशिल्पांचे थ्रीडी फोटो: एकाला चर दिसतो, दुसऱ्याला उंचवटा. असं का?

सड्यावरचा मास्तर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. गावाच्या वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, काही कातळशिल्पं आहेत, खडकात कोरलेली चित्रं. काशेलीचा हत्ती 18 मीटरच्या आसपास भरतो, बारसूची चित्रं तर बातम्यांमुळे सगळ्यांना ठाऊक. आमची तशी नामांकित नाहीत. एक मासा, एक बहुतेक रानडुक्कर, बाकी नुसत्या चौकटी. चर जेमतेम तीन सेंटीमीटर खोल. साध्या फोटोत जांभ्यावर खडूने रेघा ओढल्यासारखं दिसतं. म्हटलं, थ्रीडी करून बघू. ज्यांना सडा चढवत नाही त्यांनाही खोली कळेल.

बांबूच्या टोकाला मोबाइल बांधला, जमिनीपासून साधारण 3 मीटरवर, लेन्स सरळ खाली. एक फोटो काढला, बांबू वीतभर उजवीकडे सरकवून दुसरा. कॉम्प्युटरवर डाव्या फोटोतला लाल रंग आणि उजव्यातला निळा-हिरवा एकत्र केला आणि मीटरभर रुंदीच्या फ्लेक्सवर छापून आणलं. चष्मे पोरांनी पुठ्ठ्याचे केले, डावीकडे लाल आणि उजवीकडे निळा जिलेटीन कागद.

प्रदर्शनात दोन बाकं जोडून त्यांवर फ्लेक्स अंथरला. सगळे भोवती जमले आणि तिथून वादच सुरू. काही पोरं म्हणाली, "सर, चरात बोट घालावंसं वाटतं." काहींनी शपथेवर सांगितलं की मासा दगडातून वर आलाय. इंग्रजीच्या बाईंचं कपाळ दुखायला लागलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला. आणि एका मुलाचे आजोबा, सगळी हयात मासेमारी बोटीवर तांडेल म्हणून गेलेली, ते बराच वेळ बघून म्हणाले, "लाल-निळी पुसट चित्रं आहेत, दुसरं काय?"

यात फोटोचा भाग किती आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा किती? शिवाय असंही वाचलं की दोन फोटोंमध्ये डोळ्यांएवढंच, म्हणजे साडेसहा सेंटीमीटर अंतर हवं. मी वीतभर ठेवलं, त्याने बिघडलं का?

किनारपट्टी

उंचवटेवाल्या पोरांनी चष्मे उलटे घातले असणार. लाल काच उजव्या डोळ्यावर गेली की खोलीचा उंचवटा होतो. विषय संपला.

सड्यावरचा मास्तर

ते आधी तपासलं दादा. चष्म्यांना कान आहेत आणि नाकाची खाच आहे, उलटा बसतच नाही.

प्रात्यक्षिक वही

मास्तर, एकच विचारतो. उंचवटा बघणारी पोरं बाकांच्या कुठल्या बाजूला उभी होती? आणि बाई?

सड्यावरचा मास्तर

पोरं बहुतेक पलीकडे, खिडकीच्या बाजूला. बाई टोकाला, दारापाशी. का हो सर?

प्रात्यक्षिक वही

मग बरंचसं कोडं सुटलं. मी कॉलेजात भूगोलाची प्रात्यक्षिकं घेत असे. हवाई छायाचित्रांची जोडी स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवून खोली दिसेल असं उपकरण) ठेवताना पहिली ताकीद हीच, की सावल्या आपल्याकडे पडतील असे फोटो ठेवा. दर वर्षी कोणीतरी उलटे ठेवायचा, आणि त्याच्या वहीत नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहायची.

तुमच्या फ्लेक्सचंही तेच झालं. लाल आणि निळी चित्रं एकमेकांपासून आडवी थोडी सरकलेली असतात, आणि मेंदू खोली काढतो ती त्या सरकण्याच्या दिशेवरून. कागद अर्धा फिरवला की दिशा उलटते. डाव्या डोळ्याला जे उजवीकडे दिसायला हवं ते डावीकडे दिसतं, जवळचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं. कागद फिरवा किंवा माणूस पलीकडे जाऊन उभा राहू दे, हिशेब तोच. खिडकीकडची पोरं खरंच सांगत होती, त्यांना मासा वर आलेलाच दिसत होता.

त्यात उजेडाची भर. प्रकाश वरून येतो असं आपली नजर धरून चालते. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला असेल आणि ऊन चित्राच्या वरच्या अंगाकडून असेल, तर अलीकडच्यांना चर चरासारखा दिसतो. पलीकडच्यांसाठी तीच सावली उंचवट्याची होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत दोन्ही पुरावे एकाच बाजूने खोटं बोलत होते. पोरांना एक डोळा मिटायला सांगा. तरीही मासा वर दिसला तर सावलीचा प्रताप, सपाट झाला तर सरकण्याचा.

माणसाचा चेहरा असा सहजी उलटत नाही. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, आणि 1852 मध्ये डाव्या-उजव्या डोळ्यांची दृश्यं अदलाबदल करणारं उपकरणही. अशा अदलाबदलीतही नाक आत गेलेला चेहरा मेंदू शक्यतो मान्यच करत नाही. पण जांभ्यातली एक रेघ चर आहे की कंगोरा, यावर त्याचं काहीच अडलेलं नसतं. आणि सड्यावरच्या माशाला वरची बाजू कुठली? पलीकडच्या पोरांना आपण चित्र उलटं बघतोय हे कळायला काही खूणच नव्हती.

आता बाई. त्या टोकाला होत्या, म्हणजे चित्र त्यांना पाव फिरलेलं. आडवं सरकणं त्यांच्यासाठी उभं झालं: एका डोळ्याला चित्र वर, दुसऱ्याला खाली. डोळे आत-बाहेर सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली असं फार थोडंच जमतं. तेवढ्यासाठी ते झगडत राहतात आणि कपाळ धरतं.

साडेसहा सेंटीमीटरचा नियम तुमच्या कामाला लावू नका. 3 मीटरवरून मोबाइलच्या फोटोत साधारण 4 मीटर जमीन येते. 4000 पिक्सेल धरा, म्हणजे पिक्सेलमागे एक मिलिमीटर. मोबाइल साडेसहा सेंटीमीटर सरकवला तर 3 सेंटीमीटर खोल चराचा तळ काठाच्या मानाने 0.65 मिलिमीटर सरकेल. पिक्सेलसुद्धा भरत नाही, मग दिसणार काय? वीतभर अंतराने दोन पिक्सेल मिळाले म्हणून तुमच्या पोरांना चर दिसला. 30 सेंटीमीटर सरकवा, तीन मिळतील. 60 ने सहा. समोर झाड आणि मागे क्षितिज असेल तिथे एवढं अंतर डोळ्यांना छळतं, पण सडा वरून सपाटच. विमानातून काढलेल्या फोटोंत 60 टक्के भाग सामाईक असतो, आणि दोन फोटो काढण्याच्या जागांमधलं अंतर विमानाच्या उंचीच्या निम्म्याहूनही जास्त भरू शकतं. म्हणून तर त्यात टेकड्या आहेत त्याहून उंच वाटतात.

दोन्ही फोटो लगोलग काढा. मधे ढग आला किंवा वाऱ्याने गवत हललं, तर ती जागा दोन डोळ्यांत वेगळी पडते आणि लुकलुकते.

चष्मेवाली, रत्नागिरी

मी डोळे तपासते, म्हणून आजोबांबद्दल लिहिते. एका डोळ्यात मोतीबिंदू, लहानपणचा तिरळेपणा किंवा एक डोळा आळशी (मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो असा) असेल, तर अशा चित्रातली खोली दिसत नाही. पुष्कळांना ते आयुष्यभर ठाऊकच नसतं, कारण अडत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत बेला युलेश यांनी 1960 च्या सुमारास नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांच्या जोड्या केल्या. एका डोळ्याने पाहिलं तर त्यात काहीच नाही, दोन्हींनी पाहिलं की चौकोन उठून येतो. आम्ही मुलांना दाखवतो त्या ठिपक्यांच्या चाचण्या त्यातूनच आल्या. तुमच्या प्रदर्शनात ज्या पोरांना कुठल्याही बाजूने खोली दिसली नाही, त्यांची नावं लिहून ठेवा आणि एकदा तपासून घ्या. आळशी डोळा जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

मोठेपणी सुधारणा होतच नाही असंही नाही. ब्रूस ब्रिजमन नावाचे अमेरिकन दृष्टिशास्त्रज्ञ होते, खोली फारशी न दिसणारे. 2012 मध्ये ते एक थ्रीडी सिनेमा बघायला गेले, पात्रं पडद्यातून पुढे आली, आणि बाहेर पडल्यावर रस्त्यावरचे दिवेही वेगवेगळ्या अंतरावर दिसायला लागले. यावर भरवसा ठेवून आजोबांना थिएटरात नेऊ नका, आधी मोतीबिंदू बघा.

चष्म्याबद्दलही एक. साध्या निळ्या जिलेटीनमधून थोडा लाल आरपार येतो, त्यामुळे कडेला भुतासारखी दुसरी रेघ दिसते. कागद दुहेरी करून बघा, किंवा तयार निळसर-हिरव्या काचांचे चष्मे मागवा, फार महाग नसतात.

बंदरावयलो

आमच्या मालवणात एक तांडेल एका डोळ्यान अधू, पण काळोखात होडी बंदराक लावता. तुमच्या चष्म्यात आजोबांक काय दिसूक नाय म्हणान त्येंका आंधळे ठरव नकात.

चष्मेवाली, रत्नागिरी

कोण ठरवतंय आंधळे? तुमचा मुद्दा बरोबरच आहे, आणि त्याला गणितही आहे. दोन डोळ्यांच्या फरकातून मिळणारी खोली अंतराच्या वर्गाने बोथट होते. चांगली नजर धरली तर 10 मीटरवर सात-आठ सेंटीमीटरचा फरक कळेल, 100 मीटरवर सात-आठ मीटरचा, आणि किलोमीटरभरावर साडेसातशे मीटरचा! समुद्रावर दुसरी होडी किती लांब आहे हे तांडेल दोन डोळ्यांच्या जोरावर ओळखतच नाही. कोण कोणाच्या आड जातं, डोलकाठी केवढी दिसते, धुरकटपणा किती, आपण चालताना काय भराभर मागे पडतं, यावर ओळखतो. ते एका डोळ्यालाही दिसतं.

सड्यावरचा मास्तर

आज फ्लेक्स भिंतीला टांगला आणि त्याच खिडकीकडच्या पोरांना बोलावलं. मासा खाली गेला. त्यातला एक मात्र अजून उंचवटाच म्हणतो, एक डोळा मिटूनही. आजोबांना पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला न्यायचं त्यांच्या मुलाने कबूल केलंय. बाई म्हणतात, समोरून त्रास नाही, पण पाच मिनिटांच्या वर नको.

आता प्रोजेक्टरवर दाखवायचा विचार आहे, 3 मीटर रुंद भिंत आहे.

प्रात्यक्षिक वही

त्या एकट्याला फ्लेक्स उलटा टांगून एक डोळा मिटायला सांगा. चर दिसला तर सावलीच आहे, काळजी नको. तरीही उंचवटाच म्हणाला तर पोरगा हट्टी आहे.

प्रोजेक्टरचं मात्र जपून. मीटरभर फ्लेक्सवर लाल आणि निळ्यात कुठे अडीच सेंटीमीटर अंतर असेल, तर भिंतीवर ते साडेसात होईल. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी 6.3 सेंटीमीटर अंतर असतं, पोरांच्या त्याहून कमी. डावं चित्र डावीकडे इतकं गेलं की डोळ्यांना समांतरच्याही पलीकडे, बाहेर फाकावं लागतं, आणि ते त्यांना येत नाही. म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर अशी बसवा की सड्याचा पृष्ठभाग बरोबर भिंतीवर येईल आणि फक्त चर मागे जाईल. मग अंतर मिलिमीटरांतच राहतं.

दुसरं म्हणजे, डोळे वळतात एका अंतरावर आणि डोळ्यातलं भिंग जुळतं भिंतीवर, या ओढाताणीने थकवा येतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ती ओढाताण कमी करणारा पडदा करून हे दाखवलं होतं. तुमच्या तीन सेंटीमीटरच्या चराने तेवढं होणार नाही. पण हौसेने रानडुकराला भिंतीबाहेर हातभर काढू नका, आणि पहिलं बाक भिंतीपासून जरा मागे घ्या. बाईंना मधल्या रांगेत बसवा.